बाबा ‘येतो’ म्हणाले

आधी प्रज्ञाताईंचं नाव लिहितो, म्हणजे सांगण्याच्या ओघात मागे राहून जायला नको. प्रज्ञा मेश्राम. राहणार बहरीनमधलं सनाबिस, मूळच्या नागपूरजवळच्या कामठीच्या. आमच्या मुदीरचं, म्हणजे मालकाचं, सीफला ऑफिस आहे, तिथे त्या सगळा पत्रव्यवहार सांभाळतात. ऑफिसात त्यांना सगळे मॅडम म्हणतात. मीही म्हणायचो. एका दुपारपासून ताई म्हणायला लागलो, आणि ती दुपार बहरीनमधली नव्हती.

दरवर्षी या दिवसांत ती दुपार परत येते. थंडी सरत आलेली असते. सखीरच्या वाळवंटात हिवाळाभर ठोकलेले तंबू एकेक करून उतरतात, खुंट्यांची भोकं तेवढी वाळूत राहतात. वाऱ्यात धूळ असते, पण उन्हाची भट्टी अजून पेटलेली नसते. मग एक दिवस लांबून तो आवाज येतो. आधी कानाशी माशी घोंगावल्यासारखा, मग नवंकोरं कापड टरकावल्यासारखा. शर्यतीच्या गाड्या आल्या. जिदहफ्सच्या सलूनमध्ये टीव्हीवर त्याच गाड्या गरागरा फिरत असतात आणि न्हावी गिऱ्हाईकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून वर बघत राहतो. टॅक्सीवाले खुशीत, हॉटेलवाले खुशीत. मी मात्र आवाज ऐकला की आधी बाबा कुठे आहेत ते बघतो. ते समोर खुर्चीत बसलेले असतात. तरी बघतो.

बाबा म्हणजे मुदीरचे वडील. इथे घरात काम करणारी माणसं मालकाला बाबा म्हणतात आणि मालकिणीला मामा. पहिल्या वर्षी त्या बाईंना मामा म्हणताना मला हसू दाबावं लागायचं. बाबा म्हणताना हसू आलं नाही. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, नववीतून शाळा सुटली ती त्यामुळेच, आणि तो शब्द बरीच वर्षं तोंडात आला नव्हता. इंग्रजीच्या तासाला माझ्या पोटात दुखायचं. शाळा सुटली, दुखणं राहिलं. आता त्याला कुठलाही तास चालतो.

बाबांना सांभाळणं हे माझं काम. त्यांची साखर तपासायची, इंजेक्शन द्यायचं, वेळेवर खाऊ घालायचं, चालताना कोपराला हात लावायचा पण धरलंय असं वाटू द्यायचं नाही. तरुणपणी मालाच्या खरेदीसाठी त्यांचं मुंबईला जाणं-येणं होतं, त्यामुळे हिंदी येतं, मोडकं पण ठसक्यात. माझ्यापासून त्यांनी थोडं मराठीही उचललं. ‘चला’, ‘पाणी’, ‘बस झालं’. मध्येच विसरतात, मध्येच असं काही आठवतात की आपण चाट पडावं.

हिवाळ्यात आम्ही तंबूत असायचो, पार शर्यतीच्या दिवसांपर्यंत. गाड्यांचा आवाज सुरू झाला की बाबा डोळे मिटून घ्यायचे. त्या वर्षी त्यांनी एक नवीनच काढलं. म्हणाले, हा आवाज काही खरा नाही, वाळवंटात तो पसरून जातो. समुद्राकाठी एक गाव आहे, तिथे गावातल्या रस्त्यांवरूनच शर्यत होते, आणि एका जागी गाडी बोगद्यात शिरते. आवाज आत कोंडतो आणि मग एकदम समुद्राकडे फुटतो. तो एकदा ऐकायचाय. रोज तेच. जेवताना तेच, नमाजानंतर तेच. शेवटी मुदीर कामासाठी तिकडे निघाला तेव्हा वडिलांना घेऊन निघाला, आणि वडिलांबरोबर मी. देवरुखचा मी, मॉन्टे कार्लोला निघालो. विमानात पट्टा बांधल्यावरही मी खिशातलं रहिवासी कार्ड दोनदा चाचपून बघितलं.

शर्यत होऊन गेली होती. मुदीरला गर्दी नकोच होती. रस्त्याकडेचे लोखंडी कठडे उचलायचं काम चाललं होतं, वळणावर टायरचे काळे पट्टे अजून होते. बाबा त्या पट्ट्यांकडे असे बघायचे, जसा शेतकरी दुसऱ्याच्या नांगरटीकडे बघतो. बोगदा कधी, असं विचारलं की मुदीर म्हणायचा, बुकरा, इंशाल्ला. उद्या. त्याच्या भेटीगाठी चालू होत्या.

त्या गावाचं काय सांगू. डोंगर थेट समुद्रात उतरतो, आमच्या कोकणासारखाच, पण डोंगराला माती म्हणून दिसत नाही. जिथे झाड उगवायचं तिथे इमारत उगवलीय. एकाही गॅलरीत वाळत घातलेलं कापड नाही. इतकी माणसं राहतात आणि कुणाचा टॉवेल दिसू नये, याची मला भीतीच वाटली. समुद्र निळा, स्वच्छ, आणि त्याला वास नाही. मी कठड्यावरून वाकून वास घेतला. मासळी नाही, चिखल नाही, ओलं जाळं नाही. बंदरात पांढऱ्या बोटी एकीला एक लागून उभ्या, एकीवरही कोणी काम करताना दिसेना. मग लक्षात आलं, भल्या पहाटे पुसून गेलेले असणार. आपल्यासारखेच कोणी.

आणि तो कॅसिनो. आमच्या बाजारात मटक्याची टपरी असते, तिला मळका पडदा. आत शिरणारा आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघतो. इथे जुगाराच्या घराला राजवाड्यासारखे मनोरे, समोर कारंजं, पायऱ्यांवर गालिचा, आणि लोक दाराशी उभे राहून स्वतःचा फोटो काढतात. पोलीस आहे, पण तो गाड्यांना वाट करून देतो. मला आत काय चालतं याची उत्सुकता कमी आणि धास्ती जास्त होती, कारण मुदीरने निघताना बजावलं होतं, काहीही झालं तरी बाबांना त्या दारापासून लांब ठेव. बाबा हाजी माणूस. बहरीनमधलं कोणी ना कोणी तिथे असणारच, आणि एक फोटो घराघरांत पोचायला कितीसा वेळ लागतो.

त्या दिवशी मुदीर एका बोटीवर जेवायला गेला होता. मी खोलीत बाबांना जेवणाआधीचं इंजेक्शन दिलं आणि आम्ही खाली, कॅसिनोसमोरच्या चौकातल्या हॉटेलात जेवायला उतरलो. टेबल तयार नव्हतं. बाबा म्हणाले, तोवर बाहेर हवेत उभं राहू. मी काय केलं, तर एका टेबलाशी खुर्ची रिकामी झाली तिच्यावर आमची पिशवी ठेवली. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तशी. पिशवीत खजूर, ग्लुकोज, सगळं होतं. मॉन्टे कार्लोत पिशवी टाकून जागा धरणारा मी पहिलाच असेन. त्या वेळी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. जागा गेली तर जेवण लांबेल, जेवण लांबलं तर साखर उतरेल, एवढंच डोक्यात.

चौकात महागड्या गाड्यांभोवती माणसांची झुंबड. थोड्या वेळाने वेटरने आतून हात केला. मी बाबांना म्हटलं, चला. आणि वाट करून द्यायला पुढे झालो. मागून बाबा मराठीत म्हणाले, “येतो.”

मी वळलो तेव्हा ते नव्हते.

असं लिहायला सोपं आहे. ते नसणं म्हणजे काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बहरीनमध्ये बाबा पांढऱ्या झग्यात असतात, मी त्यांना मैलावरून ओळखेन. इथे मुदीरने त्यांना कोट-पँट घालायला लावली होती, आणि कोट घातल्यावर ते जगातल्या कुठल्याही म्हाताऱ्यासारखे झाले होते. चौकात त्या क्षणी जिकडे बघावं तिकडे करडे कोट आणि पांढरे केस. मी एकाच्या कोपराला हात लावलासुद्धा. त्याने असं बघितलं की माझा हात आपोआप खाली आला. बाबांचा फोन खोलीत चार्जिंगला. ग्लुकोजची पिशवी आत खुर्चीवर. माझा पासपोर्ट मुदीरच्या खोलीतल्या तिजोरीत. आणि बाबांच्या अंगात औषध, पोटात काही नाही. ते औषध थांबत नाही. त्याला अन्न मिळालं नाही तर ते माणसालाच खायला लागतं. आधी घाम, मग थरथर, मग माणूस बरळतो, मग आडवा होतो.

मी कॅसिनोच्या पायऱ्यांकडे धावलो. भीती जिथे दाखवते तिथेच माणूस आधी जातो. दारात काळ्या सुटातला उंच गार्ड होता. मी इंग्रजी, हिंदी, अरबी जे हाताला लागेल ते त्याच्यापुढे टाकलं. ओल्ड मॅन, बाबा, शुगर, मफी खाना, म्हणजे खाल्लेलं नाही. त्याने शांतपणे ऐकलं आणि माझ्या चपलांकडे बघितलं. म्हणाला, इथे रोज शेकडो म्हातारे येतात सर, आणि हरवायलाच येतात. तो विनोद होता हे मला नंतर कळलं. मुदीरला फोन लावला, बंद. मग मला ठाऊक असलेला एकच नंबर उरला, ऑफिसचा.

“मॅडम, बाबा हरवले,” एवढंच मला बोलता आलं. पुढे नुसता श्वास.

प्रज्ञाताईंचा आवाज बदलला नाही, हे मला आठवतं. फाईल सापडत नाही म्हटल्यावर जसा असतो तसाच. म्हणाल्या, “रडून नको राहू. इंजेक्शन दिलं होतं का? जेवले का? बरं. तुझ्या बाजूला कोण आहे, त्याला दे फोन.”

मी फोन गार्डच्या हातात दिला. तो काय ऐकत होता मला माहीत नाही, पण त्याची पाठ हळूहळू ताठ होत गेली. दोनदा ‘मॅडम’ म्हणाला. आत कोणालातरी विचारून आला, मान हलवली. असा कोणी आत आलेला नाही. फोन परत माझ्या हातात. त्यावर ताई म्हणाल्या, पोलिसांना तो गार्ड कळवतोय, ते त्याच्याकडे सोड, आपण आपलं बघू.

“आता मला सांग, शेवटी काय बोलले ते?”

“काही नाही हो. मी चला म्हटलं, ते येतो म्हणाले.”

“मराठीत?”

“हो, मराठीत.”

“त्यांना मराठी कोणी शिकवली?”

“मीच. म्हणजे, ऐकून ऐकून.”

मग म्हणाल्या, “संतोष, तू खोलीतून बाहेर पडताना त्यांना काय म्हणून निघतो?”

मी दारातून निघताना कायम ‘येतो बाबा’ म्हणतो. आपण सगळेच म्हणतो. जातो म्हणायचं नसतं, हे कोणी शिकवावं लागत नाही. पहिल्या वर्षी बाबांनी मला हटकलं होतं, अरे तू जातोयस आणि येतो काय म्हणतोस. मी मोडक्या हिंदीत समजावलं होतं, की जाणाऱ्याने येण्याचंच बोलायचं. त्यांना ते फार आवडलं होतं. तेव्हापासून मशिदीत जायला निघाले की घरच्यांना अरबीत काय सांगायचं ते सांगायचे आणि मला म्हणायचे, येतो.

“ते तुझ्या मागून येत नव्हते रे,” ताई म्हणाल्या. “निरोप घेतला त्यांनी तुझा. गेले ना ते. आता कुठे जायचं म्हणत होते तेवढं आठव.”

आठवायचं काय होतं त्यात. अख्खा हिवाळा त्या बोगद्यातच गेला होता. मी ‘टनेल, टनेल’ म्हणत पळायला लागलो तसा गार्डने मला दंडाला धरून थांबवलं. मला वाटलं, झालं, आता पोलीस. त्याने शेजारच्या कॉफीच्या टेबलावरून साखरेच्या पुड्या मुठीने उचलून माझ्या हातात कोंबल्या, पाण्याची बाटली दिली आणि उताराकडे बोट दाखवलं. त्या माणसाचं नावही मला माहीत नाही.

उतार, मग टाचेवर फिरल्यासारखं वळण, मग आणखी उतार, मग समुद्र. टीव्हीवर ज्या रस्त्याने गाड्या डोळ्याचं पातं लवायच्या आत जातात, तो पायाला संपता संपत नाही. फोन शर्टाच्या खिशात चालू होता. मधून मधून ताईंचा आवाज यायचा, कुठे पोचला, डाव्या बाजूने चाल, गाड्यांकडे बघ, तू पडला तर त्यांना कोण आणणार. एकदा त्यांनी तिकडे कोणालातरी ‘वन मिनिट सर’ म्हटलेलं ऐकू आलं. ऑफिसचं काम चालूच असणार. पण फोन त्यांनी ठेवला नाही. मला एकीकडे आधार वाटत होता आणि एकीकडे भीती वाटत होती, की आता मी जे बघेन ते या बाईला ऐकावं लागेल.

बोगद्याच्या तोंडाशी फोन तुटला.

आत दिव्यांची लांबलचक रांग, एका बाजूला अरुंद फूटपाथ. गाडी आली की आधी भिंत हलते आणि मग कान. बाबा मला लगेच दिसले. कठड्याला टेकून खाली बसले होते, कोटाची बटणं उघडी, कपाळ ओलं, ओठ पांढरे. हात गुडघ्यांवर थरथरत होते. डोळे मिटलेले. त्या क्षणी मला वाटलं ते वाटलं, ते मी लिहिणार नाही. मी बसलो, पुड्या दातांनी फोडून बाटलीत ओतल्या, बाटली हलवली, त्यांच्या तोंडाला लावली. घोट आत जातो की नाही ते मी त्यांच्या गळ्याकडे बघत बसलो. गेला. मग दुसरा. एक साधी स्कूटर गेली, तिचाही आवाज आत शिरून मोठा होऊन बाहेर पडला. बाबांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

“मैं बोला ना, येतो,” ते म्हणाले. “तुम किधर गया था?”

मला हसू फुटलं आणि त्यातच रडूही. बाबा वैतागले. ‘बस झालं’ म्हणाले, मराठीत, आणि बोट वर केलं, गप्प बस, ऐक. एक मोठी गाडी येत होती. ती गेली. समुद्राच्या बाजूने उजेड आत येत होता आणि तिचा आवाज त्या उजेडात जाऊन फुटला. बाबांचा चेहरा बघून मला कळलं की हेच ते. त्यासाठी एवढं सगळं.

बाहेर आल्यावर फोन लागला, पहिल्या घंटेलाच उचलला. मी म्हटलं, बसलेत, पाणी प्यायले, बोलतायत. मग ताईंनी विचारलं, तू काही खाल्लं का. मी विचारलं, मुदीरला काय सांगू. माझ्या डोक्यात तोवर तिकीट, पासपोर्टवरचा शिक्का, गावचं घर, सगळं येऊन गेलं होतं. त्या म्हणाल्या, जे झालं ते सांग, खोटं एक अक्षर नको, पण पहिले मी बोलते. त्या काय बोलल्या हे मला बऱ्याच दिवसांनी ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाकडून कळलं. त्यांनी मुदीरला सांगितलं होतं, तुमचे वडील मिळाले, ठीक आहेत, आणि ज्याने शोधले त्याच्यावर आवाज चढवण्याआधी वडिलांना विचारा ते कुठे होते. मुदीर पगार देणारा माणूस. त्याला असं बोलायला माझी जीभ उचलली नसती. ताईंचीही नोकरीच होती. मागे एक मुलगी होती, तिची शाळा होती.

बाबांना घेऊन मी हॉटेलात परतलो, तिथे मुदीर आला. माझ्याकडे एकदा बघितलं. बाबांशेजारी बसला. बाबा त्याला बोगद्याबद्दल सांगत राहिले, हातवारे करून, सगळं जेवण होईपर्यंत. खुर्चीवरची पिशवी वेटरने उचलून खाली ठेवली होती, नीट घडी घातलेल्या रुमालावर. जागा आमचीच होती.

त्या गावात लोक काय काय लावतात आणि काय काय घालवून जातात, ते मी बघितलं नाही. कॅसिनोच्या पायऱ्या उतरणारे चेहरे तेवढे बघितले, त्यांत फारसा आनंद दिसला नाही. मला वाटतं, त्या सबंध चौकात त्या दुपारी माझ्याइतका जिंकलेला माणूस नव्हता. आणि ते सांगायला माझ्याजवळ कोणी नव्हतं, फोनमधली एक बाई सोडून.

आता बाबा फारसे बोलत नाहीत. या वर्षी तंबूत नेलं तेव्हा गाड्यांचा आवाज आला आणि त्यांनी मला विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, शर्यत. त्यांनी मान डोलावली, जशी पाहुण्याने सांगितलेल्या गोष्टीला डोलावतात. मला भीती वाटते ती अशा वेळी. हरवलेलं माणूस शोधायला उतार असतो, वळण असतं, कोणीतरी बोट दाखवतं. समोर बसून हरवणाऱ्याला कुठे शोधायचं.

गेल्या शुक्रवारी ताईंकडे सनाबिसला गेलो होतो, गावाहून आलेली आमसुलं द्यायला. दार मुलीने उघडलं, आत बघून म्हणाली, मम्मा, अंकल इज हिअर. ताई फोनवर होत्या. कामठीहून शेजारी बोलत होते. ताईंचे वडील रेल्वेत होते. रिटायर होऊन कैक वर्षं झाली, पण हल्ली सकाळी उठतात आणि ड्युटीवर जातो म्हणून निघतात. त्या दिवशी पार रुळांपलीकडच्या शेडपाशी सापडले. हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. मॉन्टे कार्लोच्या आधीपासून चाललेलं होतं. म्हणजे त्या दुपारी मी त्यांना बाबा हरवले म्हटलं, तेव्हा त्यांना काय काय ऐकू आलं असेल, ते मला त्या दारात उभं राहून कळलं. इतकी वर्षं त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं.

ताई म्हणाल्या, शेजारी आता दाराला बाहेरून कडी लावा म्हणून राहिले. मग मुलीकडे बघून चहा ठेवायला उठल्या. चहा घेतला आणि निघालो. खाली रस्त्यावर आल्यावर सुचलं, ते इथे लिहितो, कारण त्यांच्यासमोर मला हे नीट बोलता येणार नाही.

ताई, बाबा आहेत तोवर मला इथून हलता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण इथलं माझं काम संपेल तेव्हा मी आधी देवरुखला जाणार नाही. आधी कामठीला येईन. तुमच्या वडिलांच्या दाराची कडी काढेन. ते ड्युटीवर निघाले की त्यांना अडवणार नाही, त्यांचा डबा भरून घेईन आणि त्यांच्याबरोबर शेडपर्यंत चालत जाईन. शिफ्ट संपली असं त्यांना वाटेपर्यंत तिथे बसून राहीन. मग घरी आणून जेवायला वाढेन. जितके दिवस ते ड्युटीवर जातील, तितके दिवस.